औंढ्याच्या माळावरची वेधशाळा: दुर्बीण नाही, मग तिथे चालणार काय?

हिंगोली जिल्ह्यातल्या एका शाळेतल्या विज्ञानशिक्षकांनी चार प्रश्न पाठवले आहेत. थोडक्यात असे. औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या 'लायगो-इंडिया' या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेत दुर्बीणच नसेल तर आकाश पाहणार कसं? आमच्याकडे भूकंपाचे धक्के बसतात, मग इतकं नाजूक यंत्र इथेच का? बातम्यांमध्ये अणुऊर्जा विभागाचं नाव येतं, तर किरणोत्सर्गाची भीती आहे का? आणि अमेरिकेत अशी दोन यंत्रं चालू असताना आपण २,६०० कोटी रुपये कशासाठी घालायचे? शेवटी एक ओळ आहे: "मुलांकडून काही करून घेता येण्यासारखं असेल तर तेही सांगा."

सर, मी या क्षेत्रात बरीच वर्षं आहे, पण माझी बाजू कृष्णविवरांची नाही, गोंगाटाची आहे. यंत्राने काही टिपलं की 'हे आकाशातून आलं की अंगणातून?' एवढंच तपासत माझी नोकरी गेली. त्यामुळे उत्तरंही त्याच बाजूला झुकलेली असतील.

सगळ्यात सोपा प्रश्न आधी. किरणोत्सर्ग नाही. अणुऊर्जा विभाग इथे आहे तो पैसा, बांधकाम आणि तंत्रज्ञान यांच्या नात्याने. गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था त्याच विभागाची, तिचा हात निर्वात तंत्रावर बसलेला. इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रही त्याच विभागाचं, त्यांच्याकडे लेझर आणि प्रकाशयंत्रणा. बांधकाम पाहणारं मुंबईचं संचालनालयही त्यांचंच. चौथी संस्था पुण्याची आयुका, ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या छत्राखाली. विज्ञान आणि विदा, म्हणजे डेटा, ही तिची बाजू. यंत्रात अणुभट्टी नाही, इंधन नाही, ते बाहेर काही सोडतही नाही. लेझर आहे, पण तो पोलादी नळीत बंद. भीती असलीच तर उलट्या दिशेने आहे. आपले ट्रक, खडी क्रशर आणि रात्रीचे पंप यांची भीती त्या यंत्राला.

आता दुर्बिणीचं. दुर्बीण प्रकाश गोळा करते. गुरुत्वीय लहर म्हणजे प्रकाश नव्हे, ती अवकाशाचीच हालचाल. दोन जड वस्तू एकमेकींभोवती गरागरा फिरत आदळल्या की भोवतालचं अवकाश ताणलं-आखडलं जातं आणि ती थरथर प्रकाशाच्या वेगाने पसरते. वाटेत धूळ, ढग, तारे, आपली पृथ्वी, काहीही असो, ती आरपार जाते. ती तुमच्या वर्गातून गेली तर वर्ग एका दिशेने किंचित लांब आणि काटकोनातल्या दिशेने किंचित आखूड होतो, मग उलट.

'किंचित' म्हणजे किती, हे मुलांना फळ्यावर करून दाखवता येईल. पहिल्या नोंदीच्या वेळी हा ताण १० चा उणे २१ वा घात एवढा होता. सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे साधारण ४० लाख कोटी किलोमीटर. त्या अंतराला या ताणाने गुणा. उत्तर येतं मिलिमीटरचा पंचविसावा भाग, केसाच्या जाडीहून कमी. इथून त्या ताऱ्यापर्यंतचं अंतर एका केसाने बदललं तर ते आपल्याला कळायला हवं, एवढीच मागणी आहे! आपल्या यंत्राची भुजा मात्र चार किलोमीटरची. तिच्यात होणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्याही काहीशेव्या भागाएवढा.

तो मोजायची कल्पना एकोणिसाव्या शतकातली आहे आणि बारावीच्या पुस्तकात सापडते: व्यतिकरण. लेझरचा एक झोत अर्धा अर्धा करायचा, काटकोनातल्या दोन भुजांत धाडायचा, टोकाच्या आरशांवरून परत आणायचा आणि पुन्हा एकत्र करायचा. दोन्ही भुजा जशा हव्यात तशा असल्या की झोत एकमेकांना खोडतात आणि समोर जवळजवळ अंधार. एक भुजा जराशी बदलली की अंधारात थोडा उजेड येतो. त्या उजेडाचा चढउतार म्हणजे आमची नोंद. प्रत्यक्षात प्रकाश भुजेत एकदाच जाऊन येत नाही, सुमारे ३०० फेऱ्या मारतो, म्हणून चार किलोमीटरची भुजा बाराशे किलोमीटरची असल्यासारखी वागते.

दुर्बीण एका दिशेला रोखावी लागते. नामदेवांसाठी औंढ्याचं देऊळ फिरलं ही कथा तुमच्या वर्गात सगळ्यांना तोंडपाठ असेल. हे यंत्र मात्र कुणासाठी फिरत नाही. पृथ्वी नेईल तसं ते जातं आणि वरून, बाजूने, पायाखालून येणारं सगळं एकाच वेळी ऐकतं. काही थोड्या दिशांना ते जवळजवळ बहिरं असतं. हा दोष पुढे कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

पहिली नोंद १४ सप्टेंबर २०१५ ची. आपल्याकडे दुपारचे ३ वाजून २० मिनिटं झाली होती. लुइझियानातल्या लिव्हिंग्स्टनच्या यंत्राला ती आधी जाणवली आणि सुमारे ७ मिलिसेकंदांनी वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला. सगळा खेळ सेकंदाच्या पाचव्या हिश्शात आटोपला. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वजनाची दोन कृष्णविवरं मिळून ६२ पटीचं एक झालं, आणि बेरजेतले गहाळ झालेले तीन सूर्य लहरींच्या रूपाने निघून गेले. हे घडलं सव्वाशे कोटींहून जास्त वर्षांपूर्वी. आज अशा नोंदी दोनशेच्या वर गेल्या आहेत.

इथपर्यंतचं कुठल्याही लेखात मिळेल. आता मला ज्यासाठी पगार मिळाला ते सांगतो.

प्रोटॉनपेक्षा लहान हालचाल मोजणाऱ्या यंत्राला सगळंच ऐकू येतं. पहिला शत्रू जमीन. ती कधीही स्थिर नसते. वाहनं, वारा, दूरच्या समुद्राच्या लाटा तिला हलवत असतात आणि ही हालचाल लहरीच्या परिणामापेक्षा अब्जावधी पटींनी मोठी. उपाय मात्र नववीच्या मुलांना कळेल असा आहे. दोऱ्याला वजन बांधा, दोरा हातात धरा. हात सावकाश डावी-उजवीकडे न्या, वजन मागोमाग येतं. आता हात भराभर हलवा. वजन जागच्या जागी राहतं. तेवढंच तत्त्व. लायगोचा आरसा म्हणजे ४० किलोचा शुद्ध सिलिकेचा ठोकळा, ३४ सेंटिमीटर व्यासाचा. तो एकाखाली एक अशा चार लंबकांच्या शेवटी टांगलेला असतो, आणि सर्वांत खालचे धागे अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक काचतंतू असतात. वरची चौकट स्वतः संवेदकांच्या मदतीने जमिनीच्या उलट हलत राहते. सेकंदाला दहापेक्षा जास्त वेळा होणारी थरथर अशी गाळली जाते. त्याखालचं सगळं जमीन खाऊन टाकते, तिथे आम्ही अजून हतबल आहोत.

गाळूनही जे उरतं त्याला आम्ही ग्लिच म्हणतो. क्षणभराची खोटी टिचकी. काही ग्लिच तर कृष्णविवरांच्या टकरीसारखेच दिसतात. ते पकडायला आरशांच्या नोंदीबरोबर भूकंपमापक, ध्वनिग्राहक, चुंबकमापक, तापमापक अशा लाखांच्या संख्येने दुय्यम नोंदी रात्रंदिवस साठवल्या जातात. मुख्य नोंदीत टिचकी आली की पहिला प्रश्न: त्याच क्षणी दुसरं कोण बोललं?

यातलं शहाणपण मला मोठ्या यंत्राने नाही, एका लहान यंत्राने शिकवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत आम्ही टेबलावर मावेल असा इंटरफेरोमीटर, म्हणजे दोन झोतांचं हेच यंत्र, मांडला होता, भुजा जेमतेम हातभर. पडद्यावरचे उजेड-अंधाराचे पट्टे स्थिर राहायला हवेत, तर ते मधूनच थरथरायचे. दुपारी दर दहा-बारा मिनिटांनी, रात्री पाऊण-पाऊण तासाने. आधी आरशांना दोष दिला, मग टेबलाच्या पायांना, मग एकमेकांना. आठवडा असाच गेला. शेवटी एका सहकाऱ्याने थरथरीच्या वेळा वहीत मांडल्या आणि म्हणाला, "हे जे काय आहे ना, ते माणसांबरोबर झोपतं." व्हरांड्यातला पाण्याचा कूलर निघाला. दुपारी लोक पाणी प्यायचे, गरम पाणी आत यायचं, कॉम्प्रेसर सारखा सुरू व्हायचा. रात्री कुणी नाही, तोही निवांत. प्लग काढला, पट्टे शांत. लावला, पुन्हा थरथर. तीनदा करून पाहिलं, मगच वहीत लिहिलं. उरलेला उन्हाळा माठावर काढला.

हॅनफर्डला २०१७ च्या उन्हाळ्यात याची मोठी आवृत्ती घडली. नोंदीत मधूनच ठक-ठक यायची. ध्वनिग्राहकाच्या नोंदीतही तीच ठक-ठक. बाहेर जाऊन पाहिलं तर द्रवरूप नायट्रोजनच्या यंत्रणेच्या पाइपावर बर्फ साचलेलं आणि त्या बर्फावर चोचीच्या खुणा. वाळवंटी भागातले डोमकावळे तहान भागवायला बर्फ टोचत होते. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट आपण पहिलीत शिकतो, त्यांनी ती विज्ञानाच्या नोंदवहीत लिहिली. पाइप झाकून घेतला, आवाज थांबले.

आता भूकंप. हा प्रश्न मला आवडला, कारण तो उडवून लावण्यासारखा नाही. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला हिंगोलीत बसलेले ४.५ तीव्रतेचे धक्के तुम्ही स्वतः अनुभवले असतील. वसमत तालुक्यातल्या काही गावांत जमिनीतून येणाऱ्या आवाजांच्या बातम्या तर वर्षानुवर्षं येतात. आणि १९९३ चं किल्लारी मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही.

पण यंत्राचे त्रास दोन आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. एक, मोडणं. दुसरा, बहिरं होणं. ४.५ चा धक्का जवळ बसला तर आरसे जागेवरून हलतील, भुजांमधल्या प्रकाशाचा मेळ जाईल. आम्ही त्याला 'लॉक तुटला' म्हणतो. मेळ पुन्हा बसवायला तासाभरापासून कितीही वेळ लागतो. पण असं तर जगाच्या पाठीवर कुठेही सातच्या वरचा भूकंप झाला तरी होतं. आरसे आपटून फुटू नयेत म्हणून त्यांच्याभोवती अडसर बसवलेले असतात. मोडण्याचं उदाहरण हवं तर जपानचं घ्या. १ जानेवारी २०२४ ला नोटो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला आणि जमिनीखाली बोगद्यात बांधलेल्या काग्रा या अशाच यंत्राच्या टांगण्या बिघडल्या. त्याला पुन्हा निरीक्षणात यायला वर्षाहून जास्त लागलं. तरी जपानने जागा बदलली नाही, दुरुस्ती केली. म्हणजे धोका शून्य नाही. आराखडा करताना तो गृहीत धरावा लागतो, आणि २०२४ च्या धक्क्यांनंतर तर कुणी तो विसरणार नाही.

जागा निवडताना जास्त वजन पडतं ते रोजच्या कुजबुजीला. वर्षातून दोनदा कुणी दार आपटलं तर आपण सहन करतो. रोज रात्री शेजारी डीजे वाजला तर घर बदलतो. मोठं शहर, अवजड उद्योग, वर्दळीचा रेल्वेमार्ग, पवनचक्क्या, मोठी धरणं यांच्यापासून लांब, समुद्रापासून आत, दख्खनच्या बसाल्ट खडकावर, आणि चार-चार किलोमीटरच्या दोन सपाट पट्ट्या काटकोनात बसतील अशी जमीन. ही यादी लावली की देशात फार ठिकाणं उरत नाहीत. पावसाळ्यात समुद्र खवळले की त्यांची धडधड औंढ्यापर्यंतही येईल, पण किनाऱ्यापेक्षा पुष्कळ कमी. तुमच्या तालुक्याचं मागासलेपण म्हणून जे हिणवलं गेलं, ती शांतता इथे पात्रतेची अट ठरली. यात थोडा अन्याय आहे हे मला कळतं. शांतता टिकवायची म्हणजे आसपास काही प्रकारचे उद्योग येऊ न देणं, आणि त्याची किंमत कोण मोजतं हा प्रश्न गावकऱ्यांनी विचारायलाच हवा.

नोकऱ्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण तो मुद्दा नळ्यांशी जोडलेला आहे. आणि नळ्या हा माझ्या मते या प्रकल्पाचा सर्वांत कमी चर्चिलेला, सर्वांत अवघड भाग.

प्रकाश ज्या मार्गाने जातो त्यात हवा चालत नाही. हवेचा प्रत्येक रेणू प्रकाशाला किंचित अडवतो, आणि रेणू सतत पळत असतात. म्हणून सव्वा मीटर व्यासाच्या, चार किलोमीटर लांबीच्या दोन पोलादी नळ्यांमधून हवा काढायची, ती वातावरणाच्या दाबाच्या लाख कोटीव्या भागापर्यंत. अमेरिकेतल्या प्रत्येक यंत्रात असं सुमारे दहा हजार घनमीटर निर्वात आहे. नळीचा पत्रा फक्त तीन मिलिमीटर जाड, आणि बाहेरून दर चौरस सेंटिमीटरवर हवा एका किलोने दाबते, म्हणून ठरावीक अंतरावर कडी बसवावी लागतात. नळ्या सुमारे वीस मीटरच्या तुकड्यांत बनतात, पोलादाची पट्टी पिळाने गुंडाळत आणि जोडत. मग ते तुकडे जागेवर एकमेकांना जोडायचे, तेही फिरत्या स्वच्छ खोलीत, कारण आत गेलेला धुळीचा कण पुढे आरशावर बसला तर तिथे प्रकाश शोषून आरसा तापवतो.

एवढ्यावर भागत नाही. पोलादाच्या पोटात हायड्रोजन मुरलेला असतो, तो वर्षानुवर्षं झिरपत राहतो. म्हणून पोलाद आधी भाजून घ्यायचं. नळी तयार झाल्यावर ती आख्खी पुन्हा तापवायची, म्हणजे आतल्या भिंतीला चिकटलेली पाण्याची वाफ सुटते. अमेरिकेत नळीतूनच हजारो अँपिअरचा विद्युतप्रवाह सोडून तिला दीडशे अंशांच्या वर नेलं आणि महिनाभर तसंच ठेवलं. भाजलेल्या नळीला गळती आहे का हे हेलियमने तपासायचं. किलोमीटरभर वेल्डिंगमध्ये सुईच्या टोकाहून बारीक भोक राहिलं तर ते शोधून काढायचं.

आणि नळी सरळ हवी. जमीन सपाट वाटली तरी पृथ्वी गोल आहे: चार किलोमीटरवर ती सव्वा मीटर खाली वळते. प्रकाश वळत नाही. मराठवाड्यातल्या काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा प्रदेशात नळीचा पाया खाली पक्क्या थरावर नेऊन मिलिमीटरच्या हिशेबात ठेवायचा, तोही दशकानुदशकं. कृष्णविवरांच्या समीकरणांना लागेल त्याहून जास्त कौशल्य इथे लागतं असं मी म्हणालो तर माझे सैद्धांतिक मित्र चिडतील, पण मला तसंच वाटतं. तुमच्या शाळेतला जो मुलगा आयटीआयला जाऊन वेल्डिंग नीट शिकेल, निर्वात पंप आणि गळती-तपासणी शिकेल, त्याच्या हातावर इथे खगोलशास्त्र उभं राहील. पीएचडीवाले मुळात थोडेच लागतात.

आता चौथा प्रश्न: दोन आहेत, तिसरं कशाला?

डोळे मिटून बसा आणि कुणी टिचकी वाजवली तर ती कुठून आली हे दोन कान सांगतात, कारण एका कानाला ती जरा आधी पोचते. आमचंही तेच. एक यंत्र दिशा सांगू शकत नाही. दोन यंत्रं वेळेच्या फरकावरून आकाशात एक कडं आखून देतात, त्या कड्यावर कुठेतरी. २०१५ च्या घटनेचा पत्ता सुमारे ६०० चौरस अंशांचा होता. पौर्णिमेचा चंद्र चौरस अंशाच्या पाचव्या भागाएवढा, म्हणजे तीन हजार चंद्र मावतील एवढं आकाश. कुठे बघायचं?

१७ ऑगस्ट २०१७ ला याचं उत्तर मिळालं. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर, शंभरएक सेकंद ऐकू आलेली. १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाने गॅमा किरणांची चमक टिपली. गंमत म्हणजे लिव्हिंग्स्टनच्या नोंदीत टकरीच्या सेकंदभर आधी एक दांडगा ग्लिच आला होता, त्यामुळे संगणकाने ती नोंद आपोआप बाजूला टाकली. माणसांनी डोळ्यांनी पाहिलं तेव्हा ग्लिचच्या मागून जाणारी लहरीची रेघ स्पष्ट दिसली. आणि इटलीतल्या पिसाजवळच्या व्हर्गो यंत्राला जवळपास काहीच ऐकू आलं नाही. वर बहिऱ्या दिशांचं म्हटलं ते इथे: व्हर्गो चालू होतं तरी गप्प राहिलं, म्हणजे घटना त्याच्या बहिऱ्या दिशेला. पत्ता तीसएक चौरस अंशांवर आला. अकरा तासांच्या आत चिलीतल्या दुर्बिणीने १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा ठिपका शोधला. अशा टकरींत सोन्यासारखी जड मूलद्रव्यं घडतात याचा पुरावा त्या ठिपक्याच्या प्रकाशात मिळाला. आपली नारायणगावजवळची जीएमआरटी रेडिओ दुर्बीणही नंतर त्याच जागी वळली. तिसऱ्या कानाने हे केलं, तोही जवळजवळ बंद असताना.

औंढ्याचा कान कुठे आहे ते पाहा. हॅनफर्ड ते लिव्हिंग्स्टन तीन हजार किलोमीटर, लहरीला फार तर १० मिलिसेकंद. लिव्हिंग्स्टन ते औंढा, पृथ्वीच्या पोटातून सरळ मोजलं तर साडेअकरा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ३८ मिलिसेकंद. दोन कानांमधलं अंतर जितकं जास्त तितकी दिशा नेमकी. शिवाय अमेरिकेतली दोन यंत्रं मुद्दाम जवळजवळ समांतर बांधलेली आहेत, एकमेकांची खातरजमा करायला; पण त्यामुळे दोघांना लहरीचा एकच पैलू जास्त दिसतो. आपलं यंत्र पृथ्वीच्या वेगळ्या कुशीवर, वेगळ्या कलाने बसेल. आणि कुठलंही यंत्र बारा महिने चालत नाही. सर्वसाधारणपणे त्याचे दहातले तीन दिवस दुरुस्ती, वारा किंवा भूकंप यांत जातात. संख्या वाढली की एका वेळी निदान तीन जागी असण्याची शक्यता वाढते.

माझ्या गोंगाटाच्या बाजूने एक जास्तीचं कारण. अमेरिकेत घरातली वीज सेकंदाला ६० आवर्तनं करते, म्हणजे ६० हर्ट्झची. तिची गुणगुण दोन्ही यंत्रांच्या नोंदीत ६० हर्ट्झवर ठाण मांडून बसलेली असते, त्या खांबामागचं काही दिसत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची. आपला खांब दुसरीकडे. ज्या स्वराला अमेरिकेत कान बंद, तो औंढ्याला उघडा ऐकू येईल. महावितरणच्या तारांचा खगोलशास्त्राला असाही उपयोग.

खर्चाचं राजकारण थोडक्यात. भारताने हे विज्ञान उसनं घेतलेलं नाही. सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच दाखवून दिलं होतं की धक्का बसलेलं कृष्णविवर घंटेसारखं ठरावीक स्वरात निनादत शांत होतं. बंगळुरूत बाला अय्यर आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी लहरींचे नेमके आकार गणिताने काढले. आयुकात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी त्या आकारांचे साचे नोंदीवर सरकवत संकेत शोधायची पद्धत घडवली. हॅनफर्डसाठी बनवलेल्या तिसऱ्या यंत्राचे भाग आधी ऑस्ट्रेलियाला देऊ केले होते. २०११ मध्ये त्यांनी पैशाअभावी नकार दिला आणि संधी आपल्याकडे आली. पहिल्या शोधाची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ ला झाली, केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मान्यता १७ फेब्रुवारीला. सहा दिवस! त्यानंतर पूर्ण मान्यता मिळायला एप्रिल २०२३ उजाडला. सात वर्षं. आरसे, लेझर आणि टांगण्यांचे भाग अमेरिकेकडून, जागा, इमारती, नळ्या आणि माणसं आपली, हे ठरूनही. या सात वर्षांत जे तरुण भारतात परतण्याच्या तयारीत होते त्यांतले काही दुसरीकडे रुजले. हे नुकसान कुठल्याही हिशेबात दिसणार नाही.

सरकारी उद्दिष्ट २०३० चं आहे. अमेरिकेत यंत्रांचं उद्घाटन १९९९ ला झालं, पहिली निरीक्षणं २००२ ला, पहिली लहर २०१५ ला. आपल्याला दुसऱ्याच्या ठेचांचा फायदा मिळेल, तेरा वर्षं लागणार नाहीत. पण यंत्र उभं राहिल्यावर ते ऐकायला शिकेपर्यंतची वर्षंही धरा, आणि त्या काळात 'अजून काहीच सापडलं नाही' अशा बातम्या आल्या तर मुलांना हे सांगा. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात तिथल्या दोनपैकी एकच यंत्र चालवायची सूचना होती. म्हणजे 'त्यांच्याकडे आहेत की दोन' हे गृहीतही फार भक्कम नाही.

राहिली मुलं. जगभरच्या यंत्रांची नोंद सार्वजनिक केली जाते, थोडं पायथन येत असेल तर पहिल्या लहरीचा आलेख शाळेच्या संगणकावर निघतो. 'ग्रॅव्हिटी स्पाय' नावाच्या लोकविज्ञान प्रकल्पात सामान्य माणसं ग्लिचच्या चित्रांची वर्गवारी करतात, एका प्रकाराचं नाव तर कोई मासा आहे. ते मुलांना जमेल. पण आधी हे करा. मोबाइलमधल्या त्वरणमापकाची नोंद दाखवणारी 'फायफॉक्स'सारखी मोफत ॲप्स मिळतात. एक जुना फोन शाळेच्या तळमजल्यावर फरशीवर ठेवा, चार्जर लावून, विमान मोडवर. रात्रभर नोंद घ्या. दुसऱ्या दिवशी आलेखातल्या प्रत्येक उंचवट्यासमोर मुलांनी कारण लिहायचं: बस, कुत्रा, पाण्याची मोटर, शेजारची पिठाची गिरणी. कारण सापडलं नाही तर रिकामं ठेवायचं, अंदाजाने भरायचं नाही. फोन एवढा संवेदनशील नसतो, दूरचं काही कळणार नाही, तरी जवळचं पुरेसं मिळेल.

पहिल्या रात्रीची नोंद मला पाठवा. सोबत दुधाची गाडी किती वाजता जाते आणि लोडशेडिंग कधी होतं, तेही लिहा. रिकाम्या जागा आपण मिळून पाहू.